नऊचे अकरा करणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

टपाल खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला पत्र लिहायचं आणि तेही असं चारचौघांत उघडं, म्हणजे जरा धारिष्ट्यच आहे. पण तुम्ही फोनवर आभार मानू देत नाही. "बरं बरं, गुडघे कसे आहेत?" म्हणून विषय बदलता. शिवाय आम्ही सिक्कीमहून आल्यापासून जो तो "प्लॅन पाठवा ना" म्हणतोय, आणि तो प्लॅन आमचा नाही, तुमचा आहे. तेव्हा सूनबाईंना विनंती, की हे काकांना मोठ्यानं वाचून दाखवावं आणि ते मध्येच उठून गेले तर दार लावून घ्यावं.

सिंहगडाच्या वाटेवर ताक पीत बसलो असताना मी मैत्रिणीला सांगत होते, की कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात गोएचा ला या खिंडीच्या वाटेवर जायचं ठरतंय, मी, ती आणि माझी नणंद. तिघी पन्नाशीच्या आसपासच्या. शेजारच्या दगडावरून तुम्ही विचारलंत, "उतरता येतं का?" मला वाटलं, गडावरून उतरण्याचं विचारताय. तुम्ही म्हणालात, "चढायला दम लागतो, तो थांबलं की परत येतो. उतरताना गुडघा गेला की तो परत येत नाही." ओळख ना पाळख, आणि थेट गुडघ्यावर. मला रागच आला होता, आता सांगायला हरकत नाही.

मग कळलं, की तुम्ही तरुणपणी दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स केलाय, आणि त्यांच्या चौरीखांगच्या बेस कॅम्पची वाटही हीच, युकसोमवरून झोंगरीला जाऊन पुढे फुटते. पुढच्या रविवारी तुम्ही आखीव कागदाची चार पानं घेऊन आलात. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. टपाल खात्याचं अक्षर.

पहिल्या पानावर एकच प्रश्न होता: "फुलं हवीत की डोंगर?" एप्रिल-मेमध्ये गेलात तर बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला मिळेल, पण दुपार झाली की ढग चढणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ, पण फुलं नाहीत आणि रात्री थंडी हाडात शिरते. दोन्ही मागू नका, म्हणजे भांडण होणार नाही. आम्ही फुलं घेतली. त्सोकाच्या वर, फेदांगच्या चढावर, लाल, गुलाबी, पांढऱ्या बुरांसांच्या मधून लाकडी ओंडक्यांच्या पायवाटेनं चालताना नणंद म्हणाली, "काकांना सांग, डोंगर नाही दिसला तरी चालेल." (हे तिचं तिसऱ्या दिवसाचं मत. पाचव्या दिवशी बदललं.)

पण मला आभार मानायचे आहेत ते दुसऱ्या पानासाठी. आम्हाला मिळालेला आराखडा नऊ दिवसांच्या चालण्याचा होता. युकसोम, साचेन, त्सोका, झोंगरी, तिथे एक दिवस विश्रांती, मग थानसिंग, लामुने, पहाटे व्ह्यूपॉइंट, आणि परत. कागदावर अगदी सुबक. तुम्ही त्यावर पेन्सिलनं उंच्या लिहिल्यात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि युकसोम गावच सुमारे १७८० मीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही वरून यांची सुरुवात. त्सोका ३००० च्या आसपास. आणि दुसऱ्याच दिवशी मुक्काम झोंगरीला, ४००० वर. तुम्ही त्या दोन आकड्यांभोवती गोल काढलात आणि बाजूला लिहिलंत, "एका रात्रीत हजार. नको." ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा नियम तुम्ही आम्हाला इतक्या वेळा म्हणायला लावलात, की मैत्रीण तो पाढ्याच्या चालीत म्हणायची. मधे तंबू टाकायला धड जागा नाही, म्हणून हजाराची उडी टळत नाही. मग तुम्ही त्सोकाला एक रात्र वाढवलीत. त्या दिवशी सामान तिथेच ठेवून फेदांगपर्यंत, ३६५० च्या आसपास चढायचं, तासभर बसायचं आणि झोपायला खाली यायचं.

आणि शेवटी अकरावा दिवस. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "इथे काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. तो कुठेही वापरायचा." या रिकाम्या दिवसावरून आमच्या घरी जी वादावादी झाली ती तुम्हाला सांगितली नव्हती. ऑफिसनं रजेला कुरकुर केली. नवऱ्यानं हिशेब मांडला, की वाटाड्या, स्वयंपाकी, सामान वाहणारे झो (याक आणि गाय यांचा संकर, भलता मनस्वी प्राणी) या सगळ्यांचे एका दिवसाचे पैसे फुकट. तो दिवस मी दोनदा खोडला, काका. दोनदा परत लिहिला, कारण रविवारी तुम्हाला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता.

बाकीच्या तयारीचं फार लिहीत नाही. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून आतकरवाडीतून गड चढायचा, पहिला महिनाभर वर गेल्यावर पाणी झाडांना घालून रिकाम्या पाठीनं उतरायचं, दुसऱ्या महिन्यात निम्मं पाणी खाली आणायचं. लोक हसले. झोंगरीहून कोकचुरांगला जंगलातून जो सरळसोट उतार आहे तिथे आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलं आडवी चालत होती. आम्हीही काही हरणं नव्हतो, पण सरळ चाललो. गोळ्यांच्या बाबतीत तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, "डॉक्टरांना विचारा" एवढंच, तेही बरं झालं. नणंदेला सल्फाची ॲलर्जी आहे हे डॉक्टरांना आठवलं आणि उंचीवर सर्रास घेतली जाणारी गोळी तिला त्यांनी दिली नाही. सामानातून तुम्ही तीन जीन्स, हेअर ड्रायर (माझा नव्हता) आणि खाऊची सगळी पाकिटं काढलीत. भडंग, चिक्की, खाकरे कापडी पिशव्यांत भरायला लावलेत. युकसोमला चौकीवर बरोबरच्या प्लॅस्टिकची यादी करतात आणि परतताना ती ताडून पाहतात. इतरांच्या याद्या पानभर आणि आमच्या सात ओळी. तेव्हा तुमचा जरा अभिमान वाटला.

आता मेतकुटाबद्दल. तुम्ही लिहिलं होतंत, "ताप आलेला असताना जे खाता ते बरोबर घ्या. वर भूक मरते." झोंगरीच्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांवरच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजतच नाही, आणि भात शिजला तरी घास फिरत राहतो. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्यांनी मऊ भात, मेतकूट आणि तूप घ्यायचं ठरलं होतं. त्याखाली तुमची ओळ होती, "जो मेतकूट-भात टाकेल तो आजारी समजावा, तो काहीही म्हणो."

झोंगरीला चौथ्या दिवशी पोचलो. पाचवा दिवस आराखड्यातल्या विश्रांतीचा. पहाटे तिघी झोंगरी टॉपवर गेलो, सुमारे ४१७० मीटर, आणि समोर चुन्याची भिंत असावी तसं पांढरं. वारा, प्रार्थनेच्या पताका आणि ढग. (नणंदेचं फुलांबद्दलचं मत इथे बदललं.) संध्याकाळी जेवताना तिनं भात थाळीत फिरवला, मेतकुटाचं कौतुक केलं आणि थाळी तंबूच्या कडेला सरकवली. अर्धा भात तसाच. मी काही बोलले नाही. भावजयीनं नणंदेच्या ताटात डोकावायचं नसतं, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. पण तुमची ओळ डोळ्यांसमोर आली आणि मी विचारलं, "डोकं कधीपासून दुखतंय?"

कालपासून. आदल्या रात्रीपासून तिचं डोकं ठणकत होतं आणि ती दर वेळी "मस्त आहे मी" म्हणत होती. का नाही सांगितलंस, विचारलं तर रडायला लागली. "माझ्यामुळे तुमचं सगळं वाया जाईल म्हणून." तेव्हा मी तिला तुमचं दुसरं पान दाखवलं. "हे बघ, इथे एक दिवस रिकामा आहे. काकांनी तो तुझ्याचसाठी ठेवलाय."

तुमच्या त्या रिकाम्या दिवसाचा उपयोग हा होता, काका, जो मला पुण्यात कळला नव्हता. पावसासाठी, वाट बंद झाली तर, असं मी समजत होते. पण आखणीत फट नसली की माणसं खोटं बोलतात. नऊ दिवसांच्या त्या सुबक आराखड्यात ती पाचव्याच दिवशी "मस्त आहे मी" म्हणत थानसिंगला चालू लागली असती.

वाटाड्यानंही तिला तपासलं, चालायला लावलं, बोलायला लावलं. तोल ठीक, श्वास ठीक. रात्री वाढलं तर खाली त्सोकाला, नाहीतर उद्या इथेच पडून राहायचं. उद्याची पहाट कशी होती विचारा. लख्ख! मैत्रीण एकटी वाटाड्याबरोबर टॉपवर गेली आणि कांचनजंगा, पांडिम सगळं पाहून नाचत खाली आली. मी तंबूत नणंदेच्या उशाशी पाणी गरम करत होते. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल, तेव्हा लिहीत नाही. संध्याकाळी तिनं मागून दुसऱ्यांदा मेतकूट-भात घेतला. सातव्या दिवशी आम्ही निघालो.

पुढचं थोडक्यात. थानसिंगला अख्खा पांडिम, ६६९१ मीटरचा, जेवायला बसल्यासारखा समोर. लामुनेहून रात्री तीनला निघालो, समिती सरोवरापाशी नणंद म्हणाली, "मला इथेच बसू दे." मदतनीस मुलगा तिच्याबरोबर थांबला आणि या वेळी कोणी रडलं नाही. आम्ही दोघी व्ह्यूपॉइंटला, ४६०० च्या आसपास पोचलो. कांचनजंगेवर ऊन आलं, आधी गुलाबी, मग बघता बघता पिवळं. अंदाजे वीस मिनिटं. मग खालून ढग आले आणि पडदा.

तुमची एक गोष्ट मात्र चुकली. पानावर "मुक्काम समितीच्या काठी, सुंदर" असं लिहिलंय. तिथे आता तंबू लावू देत नाहीत, सरोवर पवित्र आहे. लाकडं जाळायलाही बंदी आहे, सगळं गॅसवर. परतल्यावर हे सांगितलं तेव्हा तुम्ही जरा गप्प झालात आणि म्हणालात, "आम्ही झोंगरीला खुरट्या बुरांसाच्या शेकोट्या केल्या होत्या. बंद केलं ते बरं केलं." तुमच्या वेळी १९७७ साली झालेलं ते उद्यान तसं नवंच होतं. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्हींसाठी जागतिक वारसा ठरवलं, तो मान मिळवणारी भारतातली ती पहिलीच जागा.

संस्कृतीवरून आठवलं. सोसायटीत दोघांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही कांचनजंगा सर केलं?" २०१९ साली पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण नेपाळच्या बाजूनं त्या ८५८६ मीटरच्या माथ्यावर गेले होते, ते लोकांच्या डोक्यात आहे. आम्ही म्हटलं, नाही हो, आम्ही लांबून नमस्कार करून आलो. सिक्कीमच्या बाजूनं चढाई बंद आहे, कारण त्यांचा तो देव आहे. १९५५ मध्ये पहिल्यांदा वर गेलेले ब्राउन आणि बँडसुद्धा तिथल्या लोकांना दिलेल्या शब्दाखातर शेंड्याच्या थोडं अलीकडे थांबले. आपण कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ बांधलं आणि दर्शनाला शिड्या चढून जातो, तिथे माथा मोकळा सोडणं हेच दर्शन. युकसोममधल्या नोरबुगांगला १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या राजाचा अभिषेक झाला, ते दगडी आसनही पाहिलं. तुमच्या पानावर त्यापुढे "वेळ असल्यास" होतं. वेळ होता.

नवऱ्यानं त्या अकराव्या दिवसाचा हिशेब आता मिटवलाय. बहिणीचा प्रश्न होता ना.

तुमची चारही पानं झेरॉक्स काढून घेतली आहेत, मूळ रविवारी परत आणते. तिसऱ्या पानावर तुपाचा डाग पडलाय, क्षमस्व. तुम्ही मागितलेली चुरपीही आणली आहे, याकच्या दुधाच्या चीजची, दगडासारखी कडक. सूनबाई म्हणतात, तुमच्या दातांना झेपणार नाही. चावायची नाहीच ती. आतकरवाडीत तोंडात टाकली तर पुणे दरवाज्यापर्यंत पुरते.

आपली,
रविवारच्या ताकवाल्या तिघींपैकी एक