झाडाची जागा आधी ठरवा

पुण्यातील सोसायट्यांच्या पुनर्विकासात होणाऱ्या वृक्षतोडीवरील वृत्त वाचले. ‘तोडा, पण भरपाईची झाडे लावा’ हा त्यातील सूर मला पटला नाही.

महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या एका झाडामागे चाळीस रोपे. तीन मीटर अंतर धरले तर ३६० चौरस मीटर मोकळी माती हवी. पाच गुंठ्यांचा प्लॉट सुमारे ५०० चौरस मीटरचा. इमारत, रॅम्प आणि पार्किंग वजा जाता इतकी मोकळी माती येणार कुठून? स्लॅबवरच्या हातभर मातीत मोठा वृक्ष वाढत नाही.

म्हणून नकाशा काढण्यापूर्वीच झाडांची मोजणी व्हावी. छातीच्या उंचीवरील खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदाई टाळावी, हा रूढ ठोकताळा आहे. अर्धा मीटर व्यासाला सहा मीटर. हद्दीलगतचे झाड या हिशेबाने सहज राखता येते, फक्त रॅम्प दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. पाडकामाआधीच तिथे पत्र्याचे कुंपण हवे. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. त्यावर राडारोडा, डंपर आणि सिमेंटचे पाणी आले की झाड पुढच्या काही वर्षांत वाळू शकते. तेव्हा दोष वादळाला दिला जातो, याचे फार वाईट वाटते.

जे खरोखर वाचत नाही, त्याच्या बदल्यात आवारातल्या अस्सल जमिनीत बहावा किंवा कडुनिंबाची दोन झाडे लावावीत, उरलेली त्याच प्रभागात.

– एक वास्तुरचनाकार, कोथरूड, पुणे