बोटं कुठी हायेत तेच समजत नाही

बेटा,

मागं फोनवर तू म्हणली ना का बाबा तुमी मन लावून व्यायामच करत नाही, ते मले लागलं होतं. म्हणून डाव्या अंगठ्यानं हे टाइप करून रायलो, चुका समजून घेजो.

काल पहाटच्या एसटीनं नागपूरले गेलो, काका होता सोबत. लकवा मारलेल्या उजव्या हाताची तपासणी रोबोटवर केली. माणसासारखा काही नसते तो, टेबलावर डबा अन् बोटं बांधाचे पट्टे. आधी जोर पाह्यला, दाबलं तर रेघ वर गेली, दोन्ही हातात फार फरक नाही. मंग मशीननं बोटं स्वतःच उघडली, एक डाव हळू, एक डाव झटक्यानं, झटका देल्ल्यावर हात किती आवळते ते मोजाले.

खरी गंमत पुढं. हात झाकला, मशीननं तर्जनी हळूच हलवून थांबवली अन् म्हणे बोट कुठी आहे ते स्क्रीनवर दाखवा. मी छातीठोक दाखवलं, झाकण काढलं तर बोट भलतीकडेच! पाच-सहा डाव तसंच. डाव्या बोटाचं बरोबर आलं. तवा समजलं चहाचा कप काहून पडते ते. पाहत रायलो तर पडत नाही, तुह्या आईशी बोलाले मान फिरवली का गेला. पऱ्हाटी वेचताना बी बोट बोंडात गेलं का बाहेरच रायलं ते पाह्यल्याशिवाय समजत नाही.

म्हणजे जोर आहे, पण बोटाची खबर मेंदूत पोचत नाही, लकव्यानं वायर वरतीच तुटली. पहिल्या दवाखान्यात लकव्यानंतर हात किती हलते ते पाहाची 66 मार्काची ती फुगल-मायर परीक्षा घेतली होती, 1975 पासूनची हाये म्हणे, एकेका हालचालीले 0, 1 नाही तं 2. त्यात मार्क बरे आले. डोळे मिटून अंगठा वर का खाली इचारलं, मी बरोबर सांगितलं, झालं, ओके. अन् वरून म्हणे आळस करू नका.

मशीननं हात बरा केला नाही, ते फक्त मोजते. पण आता व्यायाम बदलला. आईनं तुरीच्या डाळीच्या टोपल्यात नाणं, सरकी अन् सदऱ्याचं बटण लपवलं, न पाहता काढाचं. नाणं सापडलं, सरकी बी सापडली. बटण नाही. आई म्हणते, वरणात निघालं तर तुमीच खाजा.

तुहे बाबा