कृती वीस लिटरची, पातेलं कुणाचं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आलेली घरगुती बिअरची कृती वाचली. २० लिटर बिअर, ५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), ३० ग्रॅम हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), तासभर उकळी. आकडे चुकीचे नाहीत, पण ते ज्याच्या पातेल्यात मोजले त्याच्यापुरतेच खरे आहेत. मांडे करणाऱ्या खान्देशी बाईला हे सांगावं लागत नाही. खापर बदललं की जाळ बदलतो, कणकेचा सैलपणाही बदलतो.

आधी एक गोष्ट, जी कृतीखाली ठळक छापायला हवी होती. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा जळगाव-धुळ्यात कात्रण भिंतीला लावून कुणी गॅस पेटवू नये. पण इथली पुष्कळ मुलं अमेरिकेत-जर्मनीत आहेत, काही पुण्या-नाशकात परवानाधारक मायक्रोब्रुअरीत (बिअरच्या छोट्या कारखान्यात) कामाला आहेत. अमेरिकेचा केंद्रीय कायदा घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर घरच्यापुरती करू देतो. पुढचं लिहिणं अशांसाठी.

कृतीत सगळ्यात मोठी उणीव आहे ती माल्टमधून किती साखर निघेल, या टक्क्याची. एक किलो चांगल्या पेल (फिक्या, साध्या) माल्टचा सगळा अर्क दहा लिटरात उतरला तर हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, १.०३० च्या आसपास दाखवेल; साधं पाणी १.०००. वरचे ३० अंश (घनतेचे, तापमानाचे नव्हेत) गुणिले १० लिटर, म्हणजे किलोमागे ३०० अंश. ५ किलोचे १५००. त्यातले ७५ टक्के हाती आले तर ११२५, भागिले २० लिटर म्हणजे ५६, घनता १.०५६. हीच कृती ६० टक्केच काढणाऱ्या भांड्यात केली तर ४५ अंशांवर अडकते आणि अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास कमी भरतं. इलाज सोपा आहे: ५६ गुणिले २० म्हणजे ११२०, भागिले १८० (३०० चे ६० टक्के), म्हणजे ६.२ किलो. वाढीव सव्वा किलो फक्त मूळ पेल माल्टचं घ्यावं. भाजलेला काळा माल्ट त्याच पटीत वाढवला की रंग आणि कडसरपणा उगाच चढतो. स्वतःचा टक्का माहीत नसेल तर पहिल्या खेपेला ६५ धरावा आणि हाती आलेली घनता वहीत लिहावी.

टक्का पडतो तो बहुतेक वेळा भरड्यामुळे. दाणा फुटला पाहिजे, टरफल मात्र अख्खं राहिलं पाहिजे, कारण तेच पुढे गाळणी होतं. रोलर गिरणीत फट एक ते सव्वा मिलिमीटर ठेवतात. पिठाच्या चक्कीवर माल्ट दळून आणला तर माल्ट मुरवायच्या भांड्याच्या तोटीतून थेंब निघत नाही. वर पाणी तुंबतं, खाली कणकेचा गोळा बसतो.

आता पाणी. कृतीतले लिटर उचलू नका, आपल्या भांड्याची घट मोजा. पातेल्यात एक-एक लिटर पाणी ओतत स्टीलच्या पट्टीवर खुणा करून घ्या. मग २० लिटर साधं पाणी तासभर, बिअरला ठेवाल त्याच आचेवर उकळा, गार होऊ द्या आणि पट्टी बुडवा. जेवणावळीच्या रुंद तोंडाच्या पातेल्यात ५ लिटर उडू शकतं, उभट भांड्यात ३. ही घट भांड्याच्या तोंडावर आणि जाळावर ठरते, आत किती लिटर आहे त्यावर नाही. म्हणून कृती निम्मी केली तरी उडणारं पाणी निम्मं होत नाही. अर्ध्या खेपेची बिअर दाट आणि गोडसर होते ती इथेच.

हिशेब असा: फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर हवं, तळाचा गाळ दीड, उकळीत ५, सहा किलोच्या वर माल्ट किलोमागे लिटरभर पिणार म्हणून ६.२, आणि तोटीच्या खाली अडकणारं एक लिटर. एकूण ३४ च्या जवळ. उकळत्या पाण्याचं आकारमान थंड पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतं, त्यामुळे उकळी सुरू होताना थंड हिशेबाचे २६.५ लिटर पट्टीवर साडेसत्तावीस दिसतील. ते जास्तीचं समजून काढून टाकू नये.

माल्ट मुरवायचं तापमान कृतीत ६६ अंश दिलंय, पण पाणी किती तापवायचं ते नाही. किलोला ३ लिटर पाणी घेतलं आणि माल्ट २५ अंशांचा असेल तर पाणी साडेएकाहत्तर लागतं. जर्मनीतल्या तळघरात माल्ट १० अंशांचा असेल तर पावणेचौऱ्याहत्तर. आपल्याकडच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या गोदामातला माल्ट असेल तर ७० पुरे. जाड स्टीलचं थंड भांडं आणखी दोन-तीन अंश खातं, म्हणून ते आधी गरम पाण्याने विसळावं.

पुरवणीत मक्याऐवजी ‘स्थानिक धान्य’ वापरा असं एका ओळीत सुचवलंय. ज्वारी चालते, पण एका ओळीत नाही. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला, साधारण ६८ ते ७५ अंशांत फुगतो, म्हणून ६६ च्या मॅशमध्ये (गरम पाण्यात मुरणाऱ्या माल्टमध्ये) तिच्या कण्या बऱ्याचशा कच्च्या राहतात. त्या वेगळ्या, कण्या रटरटतात तशा अर्धा तास शिजवून मग मिसळाव्या. मिसळताना मॅश किती तापेल ते धरून पाणी कमी तापवावं. ज्वारीला टरफलाचं अस्तर नाही, तेव्हा एकूण धान्यात २० टक्क्यांवर जाऊ नये. मोड आणलेली ज्वारी वापरायची तर वाळवून मोड-मुळं चोळून काढावीत. कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं.

हॉप्सचे ग्रॅम तर पाकिटावरचा अल्फा आम्लाचा (कडवटपणा देणाऱ्या द्रव्याचा) टक्का पाहिल्याशिवाय निरर्थक. कृती १० टक्क्यांची आणि हातात ७ टक्क्यांचं पाकीट असेल तर ३० ऐवजी ४३ ग्रॅम. ज्याच्याकडे थंड करायची नळी नाही, त्याचं पातेलं ८० अंशांच्या वर बराच वेळ राहतं आणि वासासाठी शेवटी टाकलेले हॉप्सही कडू होत जातात. त्याने ते आच बंद करून, ८० च्या खाली आल्यावर टाकावेत.

यीस्ट ११ ग्रॅम ठीक. पण ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ हे वाक्य खान्देशात छापताना तरी कुणाला खटकायला हवं होतं! साधं एल यीस्ट (घरगुती बिअरचं नेहमीचं) १८ ते २० अंशांत नीट चालतं आणि आंबताना भांडं खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं. फार तापलं की आयसोअमाइल अॅसिटेटचा वास येतो, म्हणजे पिकल्या केळ्याचा. जळगावकराला तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हायड्रोमीटरही बहुधा २० अंशांवर जुळवलेला असतो. ४० अंशांच्या नमुन्यात तो घनतेचे सहा-सात अंश कमी दाखवतो. नमुना गार करून मोजावा.

बाटल्या भरताना फसफस यावी म्हणून १३० ग्रॅम साखर सांगितली आहे. ती २० लिटरची, म्हणजे लिटरला साडेसहा ग्रॅम. गाळात आणि नळीत तीन लिटर गेले असतील तर १७ लिटरला ११० ग्रॅमच. १३० तशीच घातली तर फसफस वाढते, आणि आंबणं पुरतं व्हायच्या आधी भरलेल्या बाटल्या अशा वेळी फुटतात. घनता तीन दिवस एकसारखी आल्याशिवाय बाटली भरू नये, ही ओळही कृतीत नव्हती.

आपला,
एक वाचक, भुसावळ