हिरव्या मुनियेसाठी पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार,

पाखरांसाठी चाललेले आपल्या मंडळाचे काम गावाला नव्याने सांगायला नको. तळ्याकाठचे गवत पेटवणे कोणामुळे थांबले, हे सगळे जाणतात. त्या कामाला पहिली देणगी स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्या काकांची, तीही पावतीवर नाव घालायचे नाही या अटीवर. बचत गटाच्या ताईंनी ओळीने तीन रविवार स्वयंसेवकांना पिठलं-भाकरी पोचवली. गुरुजींनी दिलेली दुर्बीण आजही शाळेच्या पोरांच्या गळ्यात फिरते. यांचे ऋण फिटणारे नाही. त्याच गवतात आता पावसाळ्यात लाल मुनिया ही इवली पाखरे घरटी करतात. नराच्या तांबड्या अंगावरचे पांढरे ठिपके टिपायला बाहेरगावचे कॅमेरेवाले येतात. अभिमान वाटतोच.

पण लाल मुनिया पाकिस्तानपासून जावापर्यंत आढळते. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीनुसार तिला सध्या धोका नाही. तिची सख्खी बहीण हिरवी मुनिया फक्त भारतातली, तीही माउंट अबू आणि मध्य भारतात तुरळक ठिकाणी. ती याच यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. गवत आणि झुडपी रान गेले, आणि पिंजऱ्यासाठी जाळी लागली ती वेगळीच. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही मागच्या आठवडी बाजारात एकाने आम्हाला ‘हिरवी’ म्हणून पक्षी दाखवला. ओले बोट लावताच रंग बोटावर आला! साधी मुनिया रंगवलेली. खऱ्या हिरवीच्या कुशीवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात, एवढे तरी ध्यानात ठेवा.

हिरवी उंच गवतात, उसातही घरटे करते. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला ती आहे का, हे ऑक्टोबर ते जानेवारी फिरून पाहायचे आहे. गेल्या वर्षी हेच सभेत मांडले. टाळ्या भरपूर पडल्या, पेटी मात्र जवळजवळ रिकामी परत आली. लालसाठी धावणारे हात हिरवीसाठी का आखडतात, कळत नाही. असो.

गरज ४५,००० रुपये: गाडीचे डिझेल, दोन दुर्बिणी, शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रके. रोख किंवा यूपीआय (क्यूआर वाचनालयाच्या फलकावर), पावती कोषाध्यक्षांकडूनच, दर रविवारी सकाळी ८ ते १०, मुदत दसऱ्यापर्यंत. आयकर सवलत नाही, कृपया विचारू नये. उसवाल्यांनी तोडणीआधी निरोप दिला तरी पुष्कळ झाले.

आपला,
कार्यवाह