यंत्र घाम मोजते, खोटेपणा नाही

संपादक महोदय,

आमच्या भागात वावरातला मोटारपंप चोरीला गेला किंवा गोदामातले सोयाबीनचे कट्टे मोजणीत कमी भरले, की पहिला संशय बहुधा सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यावर, जातो. आणि अलीकडे पारावरच्या चर्चेत पुढचे वाक्यही ठरलेले असते, 'मशीनवर बसवा त्याले, दूध का दूध होऊन जाईल.' एखाद्याने अशा चाचणीस नकार दिल्याची बातमी आली, तर तो नकारच कबुलीजबाब मानला जातो. लाय डिटेक्टर म्हणून ओळखले जाणारे पॉलिग्राफ यंत्र नेमके काय मोजते, हे त्यासाठी स्पष्ट होणे आवश्यक वाटते.

चाचणीच्या वेळी छाती आणि पोटाभोवती श्वासाची लय टिपणारे पट्टे बांधतात, दंडावर रक्तदाबाचा पट्टा काहीसा फुगवून ठेवतात आणि दोन बोटांना विद्युतअग्रे लावून त्वचेची विद्युतवाहकता नोंदवतात. मनावर ताण आला की शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था तळहातावरील घामग्रंथींना चेतवते, आणि डोळ्यांना घाम दिसण्याआधीच, एक ते तीन सेकंदांत, आलेखाची रेषा वर चढते. कष्टाने बोटांवर घट्टे पडलेले असतील, तर हीच नोंद क्षीण येऊ शकते. शेतमजुराच्या बाबतीत ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

या सर्व नोंदी खऱ्या असतात. प्रश्न त्यांच्या अर्थाचा आहे, कारण केवळ खोटे बोलतानाच उमटेल अशी कोणतीही खूण शरीराजवळ नाही. भीती, संताप, अपमान आणि लपवाछपवी या सगळ्यांत श्वास, नाडी आणि घाम थोड्याफार फरकाने सारखेच बदलतात. म्हणून परीक्षक तुलनेचा आधार घेतो. 'मोटार तू चोरलीस काय?' या प्रश्नासोबत 'आयुष्यात कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली काय?' असा व्यापक प्रश्न विचारला जातो. निर्दोष माणूस दुसऱ्या प्रश्नाने अधिक अस्वस्थ होईल आणि दोषी पहिल्याने, असे त्यामागचे गृहीतक आहे. परंतु ज्याचे साल, घर आणि गावातली पत पहिल्याच प्रश्नावर टांगलेली आहे, तो निर्दोष असला तरी त्याच प्रश्नाला दचकणार नाही, असे कशाच्या आधारे मानायचे? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये या चाचणीचा आढावा घेतला, तेव्हा विशिष्ट घटनेबाबतच्या चाचण्या निव्वळ योगायोगापेक्षा बऱ्याच सरस, परंतु अचूकतेपासून बऱ्याच दूर असल्याचा निष्कर्ष निघाला. (मंतरलेले तांदूळ चघळायला देऊन ज्याचे तोंड कोरडे पडेल तो चोर, हा जुना न्यायही भीतीने लाळ आटते यावरच चालत असे. त्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो, हे योग्यच आहे.)

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी निकाल देताना, संमतीशिवाय ही चाचणी करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) यांचा भंग ठरते, असे स्पष्ट केले. संमती असली तरी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात. त्यानुसार संशयिताला वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली पाहिजे. चाचणीचा निष्कर्ष स्वतःहून पुरावा ठरत नाही. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीच्या मदतीने पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तरच तिचा विचार कायद्यानुसार होऊ शकतो. तपासाला दिशा देण्यापुरता या यंत्राचा उपयोग आहे, आणि तो मी नाकारत नाही. मात्र पोलिसांसमोर आणि मालकासमोर उभे राहतानाच ज्याच्या छातीत धडधडते, त्या माणसाची 'स्वेच्छा' कितपत मोकळी असते, याचा विचार संमतीच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी व्हायला हवा.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की 'यंत्राने खोटे पकडले' असा मथळा देण्याआधी संमती कोणासमोर नोंदवली गेली, वकील उपलब्ध होता काय आणि चाचणीनंतर प्रत्यक्ष काय हाती लागले, हे विचारून छापावे. नकाराची बातमी द्यायचीच असेल, तर असा नकार देणे हा संशयिताचा घटनादत्त हक्क आहे, हे वाक्य त्याच बातमीत असावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ