चार्जिंगच्या गाडीला भावांतर

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे, राहायला औसा तालुक्यात. भाव पडणं-चढणं माझ्या रोजच्या वहीतलं. तरी हे पत्र भावाबद्दलच आहे: वस्तू घेतल्यावर लगेच कंपनीनं किंमत उतरवली, तर फरक ग्राहकाला मिळावा.

गेल्या दसऱ्याला मी चार्जिंगची स्कूटर घेतली. गावातली पहिली. किंमत 1,18,000 रुपये, हप्ते 36. पुढचा महिनाभर माझ्या दारातच शोरूम भरलं. 'एका चार्जिंगला किती जाते?' 'पावसात शॉक बसत नाही ना?' 'डबलसीट चढ काढते का?' मागेल त्याला किल्ली दिली. चौतिसाव्या दिवशी कंपनीनं तीच गाडी 96,000 ला आणली. माझ्या गाडीवर चक्कर मारून गेलेल्या तिघांनी त्याच आठवड्यात घेतली. पारावर आता मी 'घाईवाले मुनीम'. माझा हप्ता जुन्या किमतीचाच, आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक नव्या किमतीवरून भाव करणार.

तुम्ही म्हणाल, सोयाबीन विकल्यावर दुसऱ्या दिवशी चढलं तर आडत्या फरक देतो का? नाही देत. पण सोयाबीनचा उद्याचा भाव आम्हालाही ठाऊक नसतो. गाडीचा भाव कंपनीच ठरवते, आणि तो कधी उतरवायचा हेही तीच ठरवते. शिवाय भाव पडले म्हणून 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला राज्य सरकारनं हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, दिलेच की. पुरले नाहीत, तो विषय वेगळा.

खरी गोम मला भाच्यानं सांगितली. अंबाजोगाईत त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्यांच्या धंद्यात 'प्राइस ड्रॉप' म्हणतात: फोनची किंमत उतरली की दुकानात पडून असलेल्या मालाचा फरक कंपनी दुकानदाराच्या खात्यावर टाकते. म्हणजे फरक द्यायची रीत आहे, हिशेब आहे, फक्त तो कपाटातल्या फोनला लागू. गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनला नाही.

आणि गिऱ्हाइकाला दिल्याचीही उदाहरणं आहेत. ॲपलनं 29 जून 2007 ला अमेरिकेत पहिला आयफोन आणला. 599 डॉलरचा फोन 5 सप्टेंबरला 399 वर आला, लोक खवळले, आणि दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्स यांनी पत्र लिहून जुन्या ग्राहकांना 100 डॉलरची खरेदी-सूट जाहीर केली. आपल्याकडेही 2023 मध्ये काही स्कूटर कंपन्यांनी चार्जरचे वेगळे घेतलेले पैसे ग्राहकांना परत केले. केंद्रानं अनुदान अडवल्यावर केले, पण केले.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. उतरलेली किंमत हा दोष नाही, मान्य. पण तेच 30 दिवस किमतीलाही लावा: खरेदीनंतर महिन्याच्या आत कंपनीनं कायमची किंमत उतरवली, तर फरक ग्राहकाला. सणाची सूट यातून वगळा, हरकत नाही. बिलाची तारीख कंपनीकडे असतेच.

माझा दिवस चौतिसावा होता. म्हणजे हा नियम झाला तरी मला दमडी मिळणार नाही. पण शेजारचा पोरगा पाडव्याला चार्जिंगचा ऑटो घ्यायचा म्हणतोय आणि रोज विचारतोय, 'काका, घेऊ का थांबू?' त्याला काय सांगू, तेवढं कळवावं.

आपला,
एक मुनीम, ता. औसा, जि. लातूर