चतुर्थी झाली की निघते

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेले की आई गप्प होते आणि पुढचं मला सुचत नाही, म्हणून लिहिते. तिकीट काढलंय. चतुर्थी घरीच करणार, गणपतीवरची रानफळा-पानांची माटोळीही मीच बांधणार. गणपती पोचवले की पूर्व नेपाळात जाईन, संखुवासभा जिल्ह्यात, राई जमातीच्या बायकांकडे अल्लो या खाजऱ्या रानवनस्पतीच्या सालीचं सूत काढायला शिकायला.

अल्लो अंगाला लागली की आग आग होते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. भिऊ नका. हिमालयात १,२०० ते ३,००० मीटरवर ओल्या रानात ती आपसूक वाढते. पावसाळा सरला की हाताला जाड कापड गुंडाळून देठ कापतात आणि साल सोलून घेतात. मूळ राहतं, ते पुन्हा फुटतं. राखेच्या पाण्यात साल तासन्‌तास शिजली की खाज उरत नाही. मग ती बडवायची, धुवायची आणि पांढरी माती चोळायची. मातीमुळे तंतू सुटे होतात, मऊ पडतात. वाळले की टकळीवर कातायचे. तिथल्या बायका डोंगर चढता-उतरताही कातत असतात.

बाबा, ‘इथे राहून शिकता आलं नसतं?’ असं तुम्ही विचारणारच. कुणबी पातळ पुन्हा विणलं जाऊ लागलं ते पाहूनच माझा जीव यात गुंतला, पण ते कापसाचं. सालीचं सूत करणारे हात तिथे आहेत. आणि खरं तर ही ओढ तुमच्याचमुळे. माटोळी बांधायच्या दोरीसाठी तुम्ही केवणीच्या झुडपाची साल काढायचा, ती ओली, बुळबुळीत पट्टी मी दातांत धरून बसायची आणि तुम्ही दुसऱ्या टोकाने पीळ द्यायचा. ‘सोडू नको गो बाय,’ म्हणायचा. आपल्या कुळागरात घड उतरवल्यावर केळीचे बुंधे कुजून जातात, त्यांचं काही करता येईल का, हेही मनात आहे.

नोकरी सोडलेली नाही, बिनपगारी रजा आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही. राहायची सोय एका कुटुंबात आहे, डाळ-भात दोन्ही वेळा मिळतो. आईने विणलेला स्वेटर घेतलाय.

दिवाळीला मात्र मी नसेन. हे लिहिताना हात अडतो. पोहे सगळ्या तऱ्हांचे करा, माझ्यासाठी म्हणून दुधातले वगळू नका. दादा-वहिनी मुलांना घेऊन आदल्या दिवशीच येणार आहेत.

आता ऐका. बाबांनी पोफळीवर चढायचं नाही. पाडेली आला नाही तर सुपारी राहू दे झाडावर. साखरेची गोळी जेवणाआधीची, नंतरची नव्हे. आई, गुडघा सुजलेला असताना झरीच्या पायऱ्या उतरू नकोस, पंप दुरुस्त करून घेतलाय. रात्री पडवीतला दिवा चालूच ठेवा, बिलाचं मी बघते. तिथे डोंगरात रेंज जाते-येते. फोन लागला नाही तर काळजी करत जागू नका, दादाला विचारा, त्याला मी आधी कळवेन.

शनिवारी येते. केवणीची साल मी आल्यावरच काढा.

तुमची,
बाय